लहान मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरी काय करायचं, आणि डॉक्टरकडे कधी पळायचं

उलटी झाल्या झाल्या लगेच ग्लासभर पाणी पाजू नका. हे सगळ्यात आधी सांगतेय कारण नेमकं हेच सगळे करतात, लेकरू पाणी पाणी करत असतं आणि आपल्याला बघवत नाही, मग ते घटाघटा अर्धा ग्लास पितं, पोट आधीच बिघडलेलं असतं, दोन मिनिटांत सगळं बाहेर, आणि घरात सगळे म्हणायला लागतात की पोटात काहीच टिकत नाहीये. बऱ्याचदा तसं नसतं, एका दमात जास्त गेलेलं असतं एवढंच.

तोंड पुसा, कपडे बदला, जवळ घ्या, दहाएक मिनिटं जाऊ द्या. मग ओआरएस घ्या आणि चहाच्या छोट्या चमच्यानं एक चमचा द्या, म्हणजे साधारण 5 मिली. एक-दोन मिनिटं थांबा, परत एक चमचा. परत थांबा. हे इतकं हळू वाटतं की आपलाच धीर सुटतो, पण हिशोब करून बघा ना, दर दोन मिनिटांनी 5 मिली म्हटलं तरी तासाला 150 मिली होतात आणि लहान जिवासाठी हे खूप आहे. मूल चमचा घेत नसेल तर सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, घशात जोरात मारू नका. मध्येच परत उलटी झाली तर घाबरून बंद करू नका, पुन्हा दहा मिनिटं थांबा आणि आधीपेक्षा हळू सुरू करा. उलटी झाली म्हणजे आतापर्यंत दिलेलं सगळं गेलं असंही नसतं, बराचसा भाग तोवर पुढे आतड्यात गेलेला असतो. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध चालूच ठेवा, फक्त थोडा थोडा वेळ आणि जास्त वेळा पाजा.

आता हे होतं कशानं ते थोडं समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचे निर्णय सोपे जातात. लहान मुलांच्या अशा आजारपणामागे बहुतेक वेळा व्हायरस असतो. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, अॅडेनोव्हायरसचे काही प्रकार, अॅस्ट्रोव्हायरस ही नेहमीची नावं. फ्लूचा याच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे फ्लूची लस घेतली होती मग हे कसं झालं हा प्रश्न इथे लागू होत नाही. रोटा 1973 मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यात मायक्रोस्कोपखाली पाहिला, त्याआधी असंख्य मुलांच्या जुलाबाचं कारणच सापडायचं नाही. हा लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांत उफाळतो, ताप आणि उलट्यांनी सुरुवात, मग पाण्यासारखे जुलाब, आणि तीन ते आठ दिवस चालतो. पहिल्यांदा होतो तेव्हाच सगळ्यात जोरात होतो, नंतरच्या वेळा सौम्य. नोरो वेगळा आहे, 12 ते 48 तासांत अचानक येतो, उलट्या भयंकर, पण एक ते तीन दिवसांत आटोपतो, आणि घरातल्या मोठ्यांनाही सोडत नाही. अॅडेनोवाले जुलाब जरा लांबतात, आठवडाभर किंवा त्याहून जास्त.

हे व्हायरस, विशेषतः रोटा, छोट्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतात. ते अस्तर टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक रेशे, आणि त्या रेशांवरच्या पेशी पाणी आणि अन्न शोषून घेतात. व्हायरस या वरच्या पेशी मारतो, मग पाणी शोषलं जात नाही आणि शीवाटे वाहून जातं. शरीर त्या पेशी नव्यानं बनवतं आणि त्याला काही दिवस लागतात. म्हणजे जुलाब थांबवायचं बटण आपल्या हातात नसतं. आपल्या हातात काय आहे, तर जेवढं पाणी आणि मीठ बाहेर जातंय तेवढं तोंडावाटे परत आत घालत राहणं, तोवर. व्हायरसच्या जुलाबात मुलांचा जीव धोक्यात येतो तो मुख्यतः या पाणी कमी होण्यामुळे येतो, किती वेळा शी झाली या आकड्यामुळे नाही. शी थांबवण्याच्या मागे लागू नका, पाणी भरण्याच्या मागे लागा.

आणि इथेच ओआरएसची कमाल आहे. साधं पाणी आजारी आतड्यातून नीट शोषलं जात नाही, पण ग्लुकोज आणि सोडियम ठरावीक प्रमाणात एकत्र गेले की आतड्याच्या पेशी ते दोन्ही सोबत आत ओढतात आणि त्यांच्यामागे पाणी आपोआप आत येतं, आणि ही यंत्रणा जुलाब चालू असतानाही बऱ्यापैकी काम करत असते. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं, तिथलं मृत्यूचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. कॉलरा आपल्या घरातल्या रोटा-नोरोपेक्षा कितीतरी भयानक. आणि पाजणारे कोण होते, तर आया, बाप, भाऊ, कुणीही शिकलेला नर्स नाही. म्हणून कुणी म्हटलं ना की ओआरएस काय नुसतं साखरपाणी, खरं औषध द्या, तर ऐकू नका. हेच खरं औषध आहे.

पण ते बनवायचं नीट. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय बरोबर तेवढंच पाणी मोजून घ्यायचं, काही पाकिटं 1 लिटरची असतात, काही 200 मिलीची, आणि इथे लोक हमखास गोंधळ करतात. 1 लिटरचं पाकीट एका ग्लासात टाकलं तर ते इतकं तीव्र होतं की मुलाला अपायच होईल, आणि अर्धं पाकीट अंदाजानं टाकलं तर प्रमाणच बिघडतं. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी. पाणी स्वच्छ हवं, उकळून गार केलेलं असेल तर उत्तम, पण पावडर टाकल्यावर उकळायचं नाही. वरून साखर नको, ज्यूस नको, दुधात कालवायचं नाही. 24 तासांत संपलं नाही तर फेकून द्या आणि नवं करा. चव आवडत नसेल तर थंड करून द्या, बरीच मुलं थंड पितात.

पाकीट विकत घेताना डब्ल्यूएचओच्या प्रमाणाचं आहे का ते वाचा. 2002 च्या आसपास हे प्रमाण बदललं, आता लिटरमागे सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या कणांचं प्रमाण, 245. हे आकडे पाठ करायची गरज नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की एनर्जी ड्रिंक, स्पोर्ट्स ड्रिंक, डब्यातला ज्यूस, कोल्ड्रिंक हे ओआरएस नाही, त्यांच्यात बहुतेक वेळा साखर खूप आणि मीठ नगण्य असतं आणि ती जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी खेचून जुलाब वाढवते. बाटलीवर चित्र कसलंही असू दे.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचंच असेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, शीग लावून नाही. आधी स्वतः चाखा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि परत करा, कारण मीठ जास्त झालेलं लहान मुलांसाठी फार धोक्याचं आहे. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे हे तात्पुरतं, पाकीट आलं की पाकीट.

किती द्यायचं? मूल एरवी बरं आहे, पाणी फारसं कमी झालेलं नाही, तर दर पातळ शीनंतर 2 वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली आणि 2 ते 10 वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली, तेही घोट घोट करत. मागेल तर आणखी द्या.

आता लक्ष कशावर ठेवायचं, तर लघवीवर. बाकी सगळं नंतर. एक कागद घ्या आणि त्यावर वेळ लिहीत जा, उलटी कधी, शी कधी, शू कधी, किती पाजलं. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण लिहा, कारण रात्रभर जागल्यावर कुणालाच नीट आठवत नाही आणि डॉक्टर पहिले हेच विचारतात, शेवटची शू कधी केली. डायपर लावत असाल तर जास्त काळजीनं बघा, पातळ शीनं डायपर जड होतं आणि आपल्याला वाटतं शू झालीय. घरी वजनकाटा असेल तर पहिल्याच दिवशी वजन करून लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत करा, किती पाणी गेलं याचा त्याहून चांगला अंदाज घरात मिळत नाही.

पाणी कमी व्हायला लागलं की मूल आधी चिडचिडं होतं, तहान तहान करतं, ओठ आणि जीभ कोरडी पडते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते, रडताना डोळ्यांतून पाणी कमी येतं. इथपर्यंत ओआरएस जोमानं चालू ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. त्यापुढची पायरी म्हणजे डोळे खोल गेलेले, बाळाची टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट न होता हळूहळू बसते, हातपाय गार, श्वास जलद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूल गप्प होतं. रडणारं मूल एकदम शांत झालं, मान टाकून पडून राहतंय, उठवलं तरी नीट बघत नाहीये, प्यायची ताकद राहिली नाही, तर चमचा खाली ठेवा आणि हॉस्पिटल गाठा, त्या क्षणी. झोप लागलीय बिचाऱ्याला म्हणून वाट बघू नका.

याशिवाय कधी थांबायचं नाही ते सांगते. 6 ते 8 तास शू नाही. दिलेला चमचाही परत परत बाहेर येतोय, काही तास झाले तरी फरक नाही. उलटी गडद हिरवी आहे, किंवा रक्ताची. शीत रक्त. पोट फुगलंय किंवा हात लावू देत नाही एवढं दुखतंय. फिट आली, मान ताठ झाली, न थांबणारी डोकेदुखी. 3 महिन्यांखालचं बाळ असेल आणि ताप 38 सेल्सिअस किंवा वर असेल तर उलट्या-जुलाब कमी असले तरी दाखवाच, आणि 6 महिन्यांखालच्या बाळाला जुलाब झाले की मी तरी घरी उपचार करत बसायच्या विरुद्ध आहे, लवकर दाखवा. मूल आधीपासून हृदयाचं, किडनीचं आजारी असेल, वजनानं खूप कमी असेल, त्यालाही हेच लागू.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाळ मधूनमधून अचानक कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मग काही मिनिटं शांत होतं, परत तेच, आणि चेहरा पांढरा पडतो. हे आतड्यात आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं, नंतर शीत जेलीसारखं लाल काही दिसतं पण तोवर थांबायचं नसतं. तसंच नुसत्या उलट्याच होताहेत, दिवस उलटला तरी जुलाबाचा पत्ता नाही, तर पोटाचं इन्फेक्शनच असेल असं धरून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, अपेंडिक्स, डोक्याला लागलेलं, मेंदूज्वर, डायबिटीसची सुरुवात, या सगळ्यांत लहान मुलं आधी उलट्याच करतात.

औषधांबद्दल माझं मत कडक आहे. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या, लोपेरामाईडवाल्या, लहान मुलांना अजिबात नाही, त्यानं आतड्याची हालचाल मंदावते, घाण आतच साठते, लहान मुलांत गंभीर त्रास झालेले आहेत. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही आणि वरून त्यानंही जुलाब होतात, मागच्या वेळचं उरलेलं सिरप फ्रीजमध्ये असेल ते तिथून काढूनच टाका. उलटी थांबवायला डॉक्टर कधी कधी ऑनडॅन्सेट्रॉनचा एखादा डोस देतात, त्यानं ओआरएस पोटात टिकायला मदत होते, पण तो त्यांनी वजन बघून ठरवायचा. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबानं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन टाळा, किडनीवर ताण येतो, आणि अॅस्पिरिन तर मुलांना द्यायचंच नाही. झिंकबद्दल मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा, जिथे मुलांमध्ये झिंकची कमतरता जास्त असते तिथे ते 10 ते 14 दिवस देतात, जुलाबाचे दिवस कमी होतात, आणि जुलाब थांबले म्हणून कोर्स मध्येच सोडायचा नसतो.

खाणं बंद करू नका! पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवायची पद्धत जुनी झाली, आतड्याचं अस्तर नव्यानं बनायला अन्नच लागतं. उलट्या कमी झाल्या, थोडी भूक दिसली की नेहमीचं वयानुसार जेवण थोडं थोडं द्या, नुसता भात आणि केळं यावर दिवसच्या दिवस काढायची गरज नाही. खूप तेलकट आणि खूप गोड तेवढं टाळा. जबरदस्ती करू नका, एक-दोन दिवस कमी खाल्लं तर चालतं, कमी प्यालं तर चालत नाही. पावडरचं दूध पिणाऱ्या बाळाला दूध नेहमीच्याच प्रमाणात बनवा, पातळ करून देऊ नका.

आता घरातल्या बाकीच्यांचं. नोरोचे 20 च्या आसपास कणसुद्धा लागण करायला पुरतात असं अंदाज सांगतात आणि आजारी माणसाच्या शीत ते अब्जावधी असतात, यावरून समजून घ्या की एक जण पडला की घर का पडतं. हँडवॉशच्या जागी सॅनिटायझर वापरून समाधान मानू नका, या व्हायरसना चरबीचं बाहेरचं आवरण नसतं त्यामुळे अल्कोहोल त्यांच्यावर नीट चालत नाही. साबण, वाहतं पाणी, 20 सेकंद, नखांच्या कडा, अंगठा. डायपर बदलल्यावर, शी धुतल्यावर, आणि जेवण करायच्या आधी. जमत असेल तर जो आजारी मुलाचं बघतोय त्यानं इतरांचा स्वयंपाक करू नये.

उलटी जमिनीवर पडली तर बाकीच्या मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, ग्लोव्हज घाला, आधी पेपर टॉवेलनं सगळं उचलून पिशवीत बांधा, मग ब्लीच. 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच असेल तर 1 लिटर पाण्यात कमीत कमी 20 मिली, उलटीच्या जागेसाठी याहून कडक, 100 मिलीपर्यंत चालतं. लावून लगेच पुसू नका, निदान 5 मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्यानं पुसा. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा अमोनियावालं काहीही ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, विषारी गॅस तयार होतो. दाराचे हँडल, नळ, फ्लशचं बटण, खेळणी विसरू नका. कपडे न झटकता उचला आणि कापड झेपेल तेवढ्या गरम पाण्यात वेगळे धुवा.

रोटाची लस तोंडातून थेंबांनी देतात, 6 आठवड्यांपासून सुरू होते, ब्रँडप्रमाणे 2 किंवा 3 डोस, आणि ती वेळेत देणं महत्त्वाचं आहे कारण पहिली लागणच जोराची असते, ती व्हायच्या आत संरक्षण हवं. लस घेतलेल्या मुलालाही जुलाब होऊ शकतात, नोरो वगैरेवर तिचा उपयोग नाही, पण हॉस्पिटलात न्यावं लागेल असा रोटा ती बऱ्याच अंशी टाळते. डोसनंतर, मुख्यतः पहिल्या आठवड्यात, ते वर सांगितलेलं आतडं अडकण्याचं प्रमाण अगदी किंचित वाढतं, म्हणून ती लक्षणं माहीत असू द्या, त्यासाठी लस टाळू नका.

शेवटची उलटी किंवा पातळ शी झाल्यावर पूर्ण 48 तास मुलाला शाळेत किंवा पाळणाघरात पाठवू नका, सुट्टी कशी मिळवायची हा मोठा प्रश्न असतो मला कळतं, तरी नका पाठवू. स्विमिंग पूल दोन आठवडे बंद. मूल खेळायला लागलं तरी शीमधून व्हायरस पुढे दोन आठवडे किंवा जास्तही बाहेर पडत राहतो, म्हणून हात धुण्याचा कडकपणा तोवर तसाच ठेवा. बरं झाल्यावर दूध प्यालं की परत पातळ शी, गॅस, असं काही दिवस होऊ शकतं, दुधातली साखर पचवणाऱ्या पेशी अजून पुरत्या आलेल्या नसतात, बहुतेक मुलांचं आपोआप जातं. अंगावरचं दूध यासाठी थांबवायचं नाही. आणि जुलाब 14 दिवसांच्या पुढे गेले किंवा वजन परत भरून येत नसेल तर मात्र शी तपासायला द्यायची आणि डॉक्टरांना पहिल्या दिवसापासूनचा तो कागद दाखवायचा.